एक नदी आणि चोवीस शिट्ट्या

मुलांनो, तुमच्या गावाजवळून नदी वाहते का? मग सांगा बघू, ती येते कुठून आणि जाते कुठे?

जून २०२४ मध्ये मी हाच प्रश्न आमच्या शाळेतल्या स्काउटच्या मुलांना विचारला होता. आमची शाळा जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. निम्मी मुलं रोज नदीवरचा पूल ओलांडूनच शाळेत येतात. पण प्रश्न ऐकला आणि सगळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. शेवटी मागून एक बारीक आवाज आला, "सर, धरणातून येते आणि पाटात जाते!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. पण खरं सांगू का, उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. कुकडीवर जुन्नरच्या वरच्या अंगाला माणिकडोहचं धरण आहे आणि पुढे येडगावचं. आमच्याकडच्या मुलांनी नदी बघितली ती बहुतेक धरणाच्या भिंतीजवळ, नाहीतर उसाच्या शेताला पाणी देणाऱ्या पाटातच. म्हणून त्याच दिवशी ठरवून टाकलं, की या वर्षी स्काउटच्या सहली आणि शिबिरं कुठेही भरकटत न्यायची नाहीत. नदीचं बोट धरायचं आणि वरून खाली जायचं.

तो बारीक आवाज होता पाचवीतल्या एका मुलाचा. पथकात सर्वांत लहान, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. लेखात तुझं खरं नाव घालू का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "नको सर, बारक्याच लिहा. नाहीतर पोरांना कळायचं नाही कोण ते!"

ज्यांच्या शाळेत स्काउट नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेडन पॉवेल नावाचे एक इंग्रज सेनाधिकारी होते. त्यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी नावाच्या छोट्याशा बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. श्रीमंतांची मुलं आणि कामगारांची मुलं एकाच तंबूत राहिली, एकाच चुलीवर जेवली. मुलांचे लहान लहान संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच एक. त्या शिबिरातून ही चळवळ जगभर गेली. आपल्याकडे आधी वेगवेगळ्या संस्था होत्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झाली. पहिली ते चौथीतली छोटी मुलं कब आणि बुलबुल, त्याहून मोठी झाली की स्काउट आणि गाइड. आमच्या शाळेतल्या गाइडच्या मुली बाईंबरोबर जातात. त्यांच्या गमती बाईंनीच लिहायला हव्यात, मी मध्ये तोंड घालत नाही.

आमच्या पथकात चोवीस मुलं. वाघ, मोर आणि गरुड असे तीन संघ, प्रत्येकी आठ जणांचे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक नंबर दिला. मी शिट्टी वाजवली की एकापासून ओरडत जायचं. बारक्याचा नंबर शेवटचा, चोवीस.

जुलै महिना सगळा व्हरांड्यात गेला. बाहेर पाऊस आणि आत आमच्या हातात सुती दोऱ्या. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन अशा गाठी मी शिकवत होतो. गाठ कशी हवी? ताण बसला तर घट्ट राहील आणि आपल्याला हवी तेव्हा चटकन सुटेल अशी. खुंटाला मारायची क्लोव्ह हिच मी मोठ्या ऐटीत फळ्याजवळ करून दाखवली, तर मोर संघातला एकजण म्हणतो, "सर, असलीच गाठ आमचे आजोबा रोज म्हशीच्या खुंट्याला मारतात." आणि त्याने ती माझ्याआधी, डोळे मिटून मारून दाखवली! त्या दिवसापासून गाठींचा तास त्याच्याकडे दिला.

सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर ओसरला तेव्हा पहिली सहल काढली. आधी पूर गावचं कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ. कुकडीचा उगम इथला मानतात. देवळाच्या भिंतींवरची कोरीव मूर्ती न् मूर्ती मुलांनी निरखून बघितली. मग गाडी घाटघरला थांबवली आणि तिथून पठारावरून चालत नाणेघाट. सगळीकडे सोनकीची पिवळी फुलं, डावीकडे जीवधन किल्ल्याचा काळा कडा. घाटमाथ्यावर मी त्यांना एक गंमत सांगितली. इथे आपल्या मागे पडलेला पावसाचा थेंब कुकडीत जातो, कुकडीतून घोड नदीत, घोडमधून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. आणि चार पावलं पुढे पडलेला थेंब कड्यावरून कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला जातो. झालं! मुलं एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून उभी राहायला लागली.

नाणेघाट ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बैलांवर लादून इथून जुन्नरला यायचा. वर एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. थोडं खाली उतरलं की गुहा लागते. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीत. यज्ञ केले, त्यात किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती नाणी दिली, सगळं आकड्यांत कोरलेलं. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांपैकी हे आकडे. पोरं तोंडाचा आ करून बघत राहिली. "म्हणजे सर, हिशेबाची वहीच दगडाची!" गरुड संघाचा नायक म्हणाला.

आता पुढचं सांगतो. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

परतताना खोजाच्या खुणांचा खेळ ठेवला होता. वाघ संघ पुढे जाऊन वाटेवर दगडांचे बाण, गवताच्या गाठी अशा खुणा ठेवणार आणि बाकीचे त्या खुणा ओळखत मागून येणार. मी रांग लावली. उंच मुलं पुढे, लहान मागे. म्हटलं, पुढच्यांना वाट नीट दिसेल. आणि अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. सह्याद्रीतलं धुकं तुम्ही पाहिलंय का? ते येत नाही, ते असतंच एकदम. दहा पावलांवरचा मुलगा दिसेना. वाघ संघाला हाका मारून थांबवलं, सगळ्यांना एकत्र केलं आणि शिट्टी वाजवली. एक, दोन, तीन... बावीस, तेवीस.

पुढे कुणी बोललंच नाही.

परत मोजणी केली. पुन्हा तेवीस. कडा तिथून फार लांब नव्हता. माझ्या पोटात खड्डा पडला, पण मुलांसमोर तोंड वाकडं करून चालत नाही. माझ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या गुरुजींनी सगळ्या मुलांना जागच्या जागी खाली बसवलं आणि लांब दोर सगळ्यांच्या हातात दिला. दोर सोडायचा नाही. मी दोन संघनायक घेतले आणि आलो तशाच खुणांवरून मागे निघालो. एक खूण सापडली की तिथे थांबायचं, तीन शिट्ट्या मारायच्या आणि कान देऊन ऐकायचं. पुढची खूण दिसल्याशिवाय आधीची सोडायची नाही. चौथ्या खुणेपाशी ऐकू आलं. टक्... टक्... टक्.

दगडांच्या बाणाला चिकटून बारक्या बसला होता आणि हातातली काठी दगडावर आपटत होता.

"बुटाची नाडी सुटली सर. बांधून उठलो तर कुणीच दिसंना. मग तुम्ही सांगितलं होतं तसं केलं. वाट चुकली तर शेवटच्या खुणेपाशी थांबायचं."

"रडलास का रे?"

"थोडासा. पण काठी वाजवत रडलो."

घड्याळात बघितलं, अठरा मिनिटं झाली होती. मला विचाराल तर अठरा तास. बारक्याने एकही चूक केली नव्हती. चूक माझी होती. सर्वांत लहान मुलाला सर्वांत मागे ठेवलं आणि त्याच्या मागे कुणीच नाही. शिट्ट्या होत्या त्या फक्त माझ्याकडे आणि संघनायकांकडे. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडे नुसती काठी.

त्याच संध्याकाळी मी बारक्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माउली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सोताहून सांगाया आला हे बरं केलं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर मी शाळंत भांडाया आले असते. पन आता माझं पोरगं नाय यायचं तुमच्यासंगं." मी मान डोलावली आणि उठलो. काय बोलणार?

ऑक्टोबरात शिवनेरीला गेलो. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, या गडावरचा. ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी लांबण लावत नाही. सात दरवाजे मोजले, गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी पाहिलं, वाटेवरचा प्लॅस्टिकचा कचरा दोन पोती भरून खाली आणला. आता आमच्या रांगेत सर्वांत लहान मुलं सर्वांत पुढे होती, कारण त्यांच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. सर्वांत मागे प्रत्येक संघाचा उपनायक. गडावरून उतरल्यावर मोजणी केली. तेवीस. मोजणी बरोबर होती, तरी मला ती चुकल्यासारखी वाटली.

डिसेंबरात शाळेच्या पटांगणात 'खरी कमाई'चा दिवस झाला. स्काउटमध्ये सहलीसाठी घरून पैसे मागून आणण्यापेक्षा ते आपण कमवावेत, अशी रीत आहे. मुलांनी भेळ, पेरूच्या फोडी, शेंगदाण्याचे लाडू यांची दुकानं मांडली. हे शाळेतच असल्यामुळे बारक्यालाही घरून परवानगी मिळाली आणि लाडू तर त्याच्याच आईने करून दिले होते. गल्ला मोजायला बारक्या बसला. गणितात पोरगं पक्कं आहे. सगळा खर्च वजा जाता १३७० रुपये उरले. त्याचं काय करायचं यावर मोठी चर्चा. बहुतेकांना क्रिकेटची बॅट हवी होती. गरुड संघाचा नायक उभा राहिला आणि म्हणाला, "प्रत्येकाला शिट्टी घेऊ." सगळे एकदम गप्प झाले. मग हात वर झाले. बॅट हरली.

वीस रुपयांना एक, अशा तेवीस शिट्ट्यांचा हिशेब मी फळ्यावर मांडला. तेवढ्यात बारक्या म्हणाला, "सर, मी येणार नाही, पण माझी पण एक घ्या ना."

चोवीस घेतल्या. उरलेल्या पैशांत प्रथमोपचाराची पेटी भरली आणि एक चांगला दोर आणला.

पुढचे पंधरा दिवस बारक्याच्या घरी काय झालं असेल ते ओळखा! त्याची आई एक दिवस शाळेच्या फाटकाशी आली. "गुरुजी, ह्या शिट्टीनं कान किटले माझे. न्या याला कुठं न्यायचं तिथं. पन मुक्कामाला मी बी येनार."

जानेवारी २०२५ चं आमचं मुक्कामी शिबिर येडगाव धरणाच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत होतं. तंबू ठोकून उघड्यावर राहायची मुलांना फार हौस, पण मी नाही म्हटलं. आमच्या तालुक्यात बिबट्यांची वस्ती आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. दाट, उंच ऊस म्हणजे बिबट्याला लपायला आयतं घर. माणसांवरही हल्ले झाले आहेत. म्हणून तंबू दिवसा ठोकायला शिकायचं आणि संध्याकाळी उतरवून भिंतीच्या आत, वर्गात झोपायचं. मुलं हिरमुसली. काही ठिकाणी शिबिर म्हणजे संचलन, भाषण आणि फोटो एवढंच असतं. आमचं तसं नसलं तरी धाडसाच्या नावाखाली पोरं उसाच्या कडेला झोपवणं काही माझ्या गळी उतरत नाही. वनखात्याचे एक कर्मचारी येऊन मुलांशी बोलले. अंधार पडल्यावर एकटं जायचं नाही, हातात बॅटरी हवी, मोठ्याने बोलत जायचं. बाहेर एकटं वाकून बसायचं नाही, कारण बसलेलं लहान मूल बिबट्याला एखाद्या जनावरासारखं दिसतं. आणि समोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही.

स्वयंपाक संघांनी करायचा. तीन आया आल्या होत्या, पण त्यांना हात लावायला बंदी. वाघ संघाच्या पिठल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. बारक्या ते पिठलं पळीने घोटत होता आणि त्याची आई भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून बसली होती. मला दिसत होतं, तिचे हात नुसते शिवशिवत होते! पण उठली नाही. पानात वाढलं ते सगळं जेवली. दुसऱ्या दिवशी बिनभांड्याचा स्वयंपाक होता, म्हणजे निखाऱ्यात भाजलेली वांगी आणि रताळी, आणि काठीला गुंडाळून भाजलेली कणीक. कणीक बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. तरी एक कण उरला नाही.

रात्री शेकोटीची गाणी झाली, नकला झाल्या. माझी नकल तर इतकी हुबेहूब केली, की मी असा बोलतो हे मला पहिल्यांदाच कळलं. दहाला सगळे वर्गात झोपले. दोनच्या सुमाराला उसाच्या बाजूने कुत्री जोरजोरात भुंकायला लागली. मी उठलो, फाटकाचं कुलूप पाहिलं. इतक्यात मोर संघातला एक मुलगा जागा झाला. त्याला बाथरूमला जायचं होतं. ठरल्याप्रमाणे त्याने दोघांना उठवलं आणि तिघेही तोंडात शिट्टी धरून, बॅटरी घेऊन आवाराच्या आतल्या आत जाऊन आले. कुत्री थोड्या वेळाने गप्प झाली. बिबट्या होता की नव्हता, देव जाणे. पण मला काही झोप लागेना. बॅटरीवर हात धरून, अंधूक उजेडात मी पांघरुणं मोजायला लागलो. एकोणीस, वीस, एकवीस...

शेजारच्या वर्गाच्या दारातून हळूच आवाज आला, "चोवीस हायेत, गुरुजी. मी बी मोजले."

त्यानंतर ती कुठल्याच सहलीला आली नाही. पोराला मात्र पाठवत राहिली.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्ताने आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. नदी सोडून थोडं बाजूला जावं लागलं, पण एवढी जगप्रसिद्ध वस्तू आपल्या तालुक्यात असताना चुकवायची कशी? पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! चौदा तिथल्याच पट्ट्यात जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. ताऱ्यांकडून आणि आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. या लहरी इतक्या क्षीण असतात, की आपल्या मोबाइलचासुद्धा त्यांना त्रास होतो, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावा लागला. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली. तबकडी भरीव पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे, आणि ती जाळी तारेच्या दोरांनी ताणून धरली आहे. त्यामुळे वजन कमी आणि वारा आरपार. म्हशीच्या खुंट्याच्या गाठीत पटाईत असलेला आमचा मोर संघाचा वीर मान वर करून किती तरी वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "सर, एवढ्या दोरांना गाठी कुणी मारल्या असतील?"

मार्चच्या अखेरीस, ऊन वाढायच्या आत, भल्या पहाटे निघून निघोजला पोचलो. हे गाव पारनेर तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा बदलला पण नदी आमचीच. इथे कुकडीच्या पात्रात काळ्या बसाल्टच्या खडकाला मोठमोठे रांजणखळगे पडले आहेत. नदीच्या पुरात दगडगोटे वाहत येतात. खडकाच्या एखाद्या खोलगटात गोटा अडकला की पाण्याच्या भोवऱ्याबरोबर तो गरगर फिरतो आणि जात्यासारखा खडक झिजवतो. हजारो वर्षं हेच चालू! काही खळग्यांच्या तळाशी अजून गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात. बघायला सुंदर, पण खळगे खोल आणि कडा निसरड्या. शिवाय वरच्या धरणातून पाणी सोडलं तर पात्रातलं पाणी वाढतं. म्हणून आधी गावकऱ्यांना विचारलं आणि जिथून सुरक्षित दिसेल तिथूनच पाहिलं. झुलत्या पुलावरून तर खालचं सगळं पात्र दिसतं. एक पोरगा म्हणाला, "नाणेघाटात दगडी रांजण माणसांनी केला आणि इथले नदीने केले." मी हे वाक्य डायरीत लिहून ठेवलं. माझ्या नाही सुचलं!

देवळाजवळच्या मोकळ्या जागेत पुन्हा खोजाच्या खुणांचा खेळ झाला. या वेळी खुणा ठेवणाऱ्यांच्या पुढे बारक्या होता. सगळ्या खुणा शोधत आम्ही गाडीपर्यंत आलो, तर चाकाजवळ मातीत एक वर्तुळ आणि वर्तुळाच्या मधोमध एक खडा. या खुणेचा अर्थ 'मी घरी गेलो'. बेडन पॉवेल ८ जानेवारी १९४१ ला केनियात वारले. तिथे न्येरी गावातल्या त्यांच्या समाधीच्या दगडावरही हीच खूण कोरलेली आहे. हे सांगितलं तेव्हा मुलं क्षणभर त्या खड्याकडे बघत राहिली.

गाडीत बसलो. मी शिट्टी वाजवली. एक, दोन, तीन... मागच्या बाकावरून पुढे येत आकडे आले. बावीस. तेवीस.

पुढे शांतता. मी गर्रकन वळलो. बारक्या ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि त्याच्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू होता. बोलता येईना, म्हणून त्याने डोळे मोठे केले, लाडू एका गालात सरकवला आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरून अशी काही फुंकली, की ड्रायव्हरकाका दचकून म्हणाले, "अरे ए चोवीस नंबर, गाडी सुरू तरी करू दे!"